बिनहाराचा फोटो

माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाने माझी चौकशी कुठे करावी? तर थेट माझ्या घरमालकांकडे. मी तेव्हा बेलापूरला नोकरी करत होते आणि खारघरमध्ये साहेबांच्या रो-हाऊसच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. कामोठ्याहून मुलाचे आईवडील आले, चहा प्यायले आणि मुद्द्यावर आले.

‘मुलगी स्वभावाने कशी आहे?’

साहेबांनी बराच विचार केला. ‘स्वभाव मी पाहिलेला नाही. जिना चढताना पाहिलंय. दोन-दोन पायऱ्या घेते.’

‘घरकामाची आवड आहे का?’

‘पाहिलं नाही.’

‘रात्री उशिरा वगैरे...’

‘मी लवकर झोपतो.’

पाहुणे उठले. मी वरच्या कठड्याला टेकून सगळं ऐकत होते आणि दातओठ खात होते. दुसरा एखादा घरमालक म्हणाला असता, ‘पोरगी म्हणजे सोनं आहे हो!’ बोलायला काय पैसे पडतात? पण गंमत अशी की चार दिवसांत होकार आला. सासूबाई अजूनही कौतुकाने सांगतात, ‘आम्ही दहा घरी चौकशी केली असेल. सगळीकडच्या मुली गुणाच्याच. थाप न मारणारा माणूस तो एकच भेटला. म्हटलं, हा जिला घरात ठेवतो ती बरीच असणार.’

साहेब म्हणजे हवाई दलातले निवृत्त वैमानिक. मूळचे सांगलीकडचे. पत्नी गेलेली, मुलगी परदेशात. आडनावाची पाटी दारावर होती, पण आख्खं सेक्टर त्यांना साहेबच म्हणायचं. मी पहिल्या दिवशी ‘काका’ म्हणून पाहिलं. त्यांनी विचारलं, ‘मी तुझ्या वडिलांचा भाऊ आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘मग?’ तेव्हापासून मीही साहेब म्हणू लागले.

ज्या माणसाने झाडांच्या शेंड्यांवरून विमान नेलं तो स्कूटर कशी चालवत असेल, असं तुम्हाला वाटेल. सायकलवाले त्यांना ओलांडून जायचे. निघण्यापूर्वी साहेब स्कूटरभोवती एक पूर्ण फेरी मारत. दोन्ही टायर बुटाच्या टाचेने ठोकून बघत, ब्रेक दाबून बघत, खाली वाकून काही गळतंय का ते बघत. मग हेल्मेट. मग हातमोजे. हा सगळा सोहळा कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला. रिक्षावाले मागे हॉर्न मारायचे. साहेब हात वर करून म्हणायचे, ‘आकाशात कडेला थांबता येत नाही, बाबा. सवय आहे.’

वाऱ्याचंही त्यांचं एक शास्त्र होतं. सकाळी गच्चीवर जाऊन नाक वर करायचे. तळोज्याच्या कारखान्यांचा वास आला की जाहीर करायचे, ‘वारा पूर्वेचा. आज कपडे बाहेर वाळत घालू नका.’ आम्ही सगळ्या बायका ते पाळायचो. मुंबईकडे जाणारी विमानं आमच्या बाजूने खाली येत, आणि ती म्हणजे साहेबांची म्हातारपणची नोकरीच होती. चहाचा कप घेऊन गच्चीवर बसायचे आणि लांबून उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला मार्क द्यायचे. ‘दहापैकी सहा. नाक लवकर खाली घेतलं.’ मी एकदा विचारलं, ‘तुम्ही किती मार्कांचे होतात?’ म्हणाले, ‘मी आतून होतो. बाहेरून पाहिलं नाही.’

सोसायटीच्या सभेत तर त्यांनी उच्छाद मांडला होता. पाण्याच्या टाकीचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं. वॉचमनवर आळ आला, त्याला काढायचं ठरत आलं. साहेब उठले आणि एकेकाला विचारत सुटले, ‘तुम्ही पाहिलंत? तुम्ही पाहिलंत?’ कुणीच पाहिलं नव्हतं. सेक्रेटरी वैतागून म्हणाला, ‘साहेब, प्रत्येक गोष्ट काय डोळ्यांनी बघायची असते का? सगळ्यांना माहितीये.’ साहेब म्हणाले, ‘माहिती असणं वेगळं, पाहणं वेगळं.’ वॉचमन राहिला. साहेब खाली बसले.

मला हा सगळा विक्षिप्तपणा वाटायचा. म्हाताऱ्याला डोळ्यांचं वेड आहे असंच मी मैत्रिणींना सांगायचे. त्यामागे काय आहे ते डिसेंबर आल्यावर समजलं.

दर डिसेंबरात, एकाहत्तरच्या युद्धाची आठवण म्हणून, साहेब एका दुपारी आपल्या हॉलमध्ये टेबल मांडायचे. त्यावर पांढरी चादर. चादरीवर फोटो. सगळे विशीतले पोरगे, केस वाऱ्याने विस्कटलेले, हसताना डोळे बारीक झालेले. त्यांच्या तुकडीतले जे परत आले नाहीत ते हे. साहेब एकेका फोटोला झेंडूचा छोटा हार घालायचे आणि शेजारपाजारच्यांना जेवायला बोलवायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनाची तयारी करून गेले होते. भाषणं होतील, ‘अमर रहे’ होईल, कुणीतरी रडेल. तसलं काही झालं नाही. साहेब हातात डाव घेऊन फोटोंशी उभे राहिले आणि सांगू लागले. ‘हा लोणचं चोरायचा. मेसमधली बरणी याच्या पलंगाखाली सापडली. हा घोरायचा, इतका की आम्ही त्याचा पलंग व्हरांड्यात ठेवला. ह्याचे मोजे नशिबाचे, म्हणून धुवायचा नाही. हा उड्डाणाआधी दर वेळी ओकायचा. ओकून, चूळ भरून विमानात चढायचा. एक दिवस चुकवला नाही त्याने.’

कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, ‘साहेब, यांच्या शौर्याबद्दल काही सांगा ना, मुलांना सांगायला.’

‘तेच सांगतोय की,’ साहेब म्हणाले. ‘ओकून चढायचा.’

मला त्या दिवशी साहेब आवडू लागले, हे सरळ सांगते. हुतात्म्यांवरची भाषणं मी शाळेपासून ऐकत आले होते, पण त्यातला एकही माणूस मला कधी ओळखीचा वाटला नव्हता. इथे मात्र घोरणाऱ्या पोराचा फोटो मी वाकून पुन्हा एकदा पाहिला.

टेबलाच्या टोकाला एका फोटोला हार नव्हता. मला वाटलं, कमी पडला असेल. मी जवळच्या परडीतून उरलेला हार उचलला आणि पुढे झाले. साहेबांनी माझं मनगट धरलं. जोराने नाही, पण धरलं.

‘त्याला नाही.’

हार परडीत ठेवून मी मागे झाले. तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली. नऊवारी, नाकात मोठी नथ, काखेत फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. जवळच्याच नावडे गावच्या बारकीबाई. घरातली सगळ्यात धाकटी म्हणून बारकी, आणि सत्तरी आली तरी बारकीच. बिनहाराच्या फोटोतला मुलगा तिचा थोरला भाऊ. नावड्याच्या आगरी घरातला, मिठागरावर काम करणाऱ्या बापाचा पोर. पनवेलला शिकला, मुंबईला शिकला आणि थेट वैमानिक झाला. गावाने त्याआधी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं.

बारकीबाईंनी भाकऱ्या टेबलावर ठेवल्या, फोटोवरून पदर फिरवला आणि साहेबांना म्हणाल्या, ‘साहेब, औंदा तरी सांगा ना.’

‘बारके, मी पाहिलं नाही.’

‘बरा,’ म्हणून ती जेवायला बसली. जणू काही कुणी पाणी मागितलं आणि ते नव्हतं, एवढंच.

हा काय प्रकार आहे ते मला साहेबांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी गच्चीवर. युद्धात त्यांच्याकडे बॉम्ब टाकण्याचं काम नव्हतं. शत्रूच्या हद्दीत शिरून पूल, रूळ, तोफांच्या जागा यांचे फोटो काढून आणायचे. दोन विमानांनी जोडीने जायचं. पुढचा फोटो काढणार. फोटो नीट यायचा तर त्याने सरळ रेषेत, डावं-उजवं न करता उडायला हवं, आणि खालून तर तोफा सुरू. मागच्याने पुढच्यावर नजर ठेवायची. धोका कुठून येतोय ते रेडिओवर ओरडून सांगायचं. पुढे बारकीबाईंचा भाऊ होता. मागे साहेब.

‘माझं काम त्याच्याकडे बघत राहायचं होतं,’ साहेब म्हणाले. ‘तेवढंच काम. मी एकदा खाली काट्याकडे बघितलं, इंधन किती उरलंय ते. मान खाली केली आणि वर केली. तर पुढे तो नव्हता. धूर होता.’

लांबून एक विमान उतरलं. साहेबांनी त्याला मार्क दिले नाहीत.

‘घिरट्या घालायला इंधन नव्हतं. परत आलो. वरिष्ठांनी विचारलं, त्याची पॅराशूटची छत्री उघडली का? म्हटलं, पाहिलं नाही. विमान पडताना पाहिलंस? पाहिलं नाही. त्यांनी बेपत्ता म्हणून लिहिलं. युद्ध संपल्यावर मी नावड्याला गेलो. त्याच्या आईने विचारलं, तू पडताना पाहिलंस का त्याला? म्हटलं, नाही पाहिलं. तिला वाटलं, म्हणजे पडला नाही.’

आईने त्या एका शब्दावर उरलेलं आयुष्य काढलं. दाराची कडी लावू दिली नाही. आणि मरताना पोरीला बजावून गेली की त्याचा दोस्त सांगेल तेव्हाच फोटोला हार घाला, तोवर माझा पोर जिवंत आहे. त्यामुळे झालं असं की हार घालायचा अधिकार साहेबांच्या जिभेवर येऊन बसला. आणि साहेब म्हणजे मुलीच्या चौकशीलाही न पाहिलेला गुण न सांगणारा माणूस.

मी म्हटलं, ‘इतकी वर्षं झाली, साहेब. तुम्हाला ठाऊक नाही का काय झालं असेल?’

‘मी पाहिलं नाही,’ साहेब म्हणाले आणि एका विमानाला पाच मार्क देऊन खाली गेले.

मग माझं लग्न झालं, मी कामोठ्याला गेले. पण डिसेंबरातलं ते जेवण मी चुकवलं नाही. बारकीबाई दर वर्षी विचारायच्या, साहेब दर वर्षी तेच सांगायचे. मला दोघांचाही राग यायचा, साहेबांचा जरा जास्त. सत्याची एवढी चाड आहे तर असू दे, पण ती दुसऱ्याच्या म्हातारपणावर कशाला?

मागल्या डिसेंबरात जेवायला येणारी माणसं इतकी झाली की हॉल पुरेना. सोसायटीने आपलं सभागृह देऊ केलं. सेक्रेटरी, तोच तो टाकीच्या झाकणाचा, आता साहेबांचा भक्त झाला होता. म्हणाला, ‘साहेब, टेन्शन नका घेऊ. डेकोरेशन, टेबल, सगळं माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त या.’ साहेबांनी फोटो त्याच्याकडे दिले.

बारकीबाईंना आणायला मी गेले. त्यांचं नावड्याचं जुनं घर पाडून इमारत होणार होती, सामान बांधून ठेवलेलं. त्या ओट्यावर बसून होत्या आणि खूप वाळल्या होत्या. रिक्षात बसवताना मला हाताला हाडंच लागली. वाटेत म्हणाल्या, ‘डाक्टर बोलतंय, हुरदं कमजोर झालाय. ऑपरेशन या वयात नको. मी बोलले, बरा. माना मरनाचा भ्याव नाय गो. पन माझ्यामागं दादूसला हार घालनारा कोन हाय? भावाची पोरा नायत, माझी पोरा त्याला वलकत नायत. तो तसाच रवल. ना जिता, ना मेला.’

‘आज साहेबांशी मी बोलते,’ मी म्हटलं.

‘तू काय बोलशील? आयसनी त्यांना सांगाला ठेवलाय. तुला नाय.’

साहेब सभागृहाच्या दाराशी उभे होते, कोट घालून. आम्ही तिघं बरोबरच आत गेलो. टेबल सुरेख सजवलं होतं. निळी झालर, समया, आणि सगळ्या फोटोंना एकसारखे मोठे, शेवंतीचे हार. सगळ्या. टोकाच्या फोटोलासुद्धा.

यात सेक्रेटरीची काय चूक? आपल्याकडे चादरीवर फोटो मांडला की हार घालायचाच. विचार कोण करतो? त्याने उत्साहाने स्वतःच्या हाताने घातले होते. पण आमचे चेहरे बघून तो धावत आला. मी दोन वाक्यांत सांगितलं तसा तो पांढराफटक पडला. ‘सॉरी साहेब, आईशप्पथ, मला कुणी बोललंच नाही. काढतो लगेच, एका मिनिटात काढतो.’

‘थांब रं पोरा,’ बारकीबाई म्हणाल्या. त्या टेबलाजवळ गेल्या होत्या. भावाकडे बघत होत्या. हार घातलेला भाऊ त्या पहिल्यांदाच बघत होत्या. ‘ऱ्हावदे. साहेब, तुमी नाय घातला, मी नाय घातला. आपसूक झाला. आयसचा शब्द बी मोडला नाय. ऱ्हावदे ना.’

सभागृहात बसलेली माणसं वळून बघू लागली. इतकी सोपी वाट होती. साहेबांनी फक्त गप्प बसायचं होतं. न पाहिलेलं काही बोलावंही लागणार नव्हतं.

साहेब पुढे झाले. ‘असा नाही,’ म्हणाले. ‘चुकून नाही.’ आणि त्यांनी दोन्ही हातांनी फोटोचा हार काढला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरंच सांगते, आयुष्यात मी कुठल्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले नाही, पण त्या क्षणी ओरडणार होते. दगड आहात का तुम्ही, असे शब्द तोंडापर्यंत आले होते. बारकीबाईंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

साहेब तो हार घेऊन तिच्यासमोर आले. ‘बारके, हात पुढे कर.’

तिने ओंजळ केली. त्यांनी हार तिच्या हातांवर ठेवला.

‘तू घाल. मी सांगतोय.’

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. साहेब मग सगळ्यांसमोर बोलले. आवाज नेहमीचा, चढाउतार नाही. ‘माझं काम याच्यावर नजर ठेवायचं होतं. ऐन वेळी मी काट्याकडे बघितलं. म्हणून मी पाहिलं नाही. सगळ्यांना सांगत आलो की पाहिलं नाही, आणि ते खरं आहे. पण वर बघितलं तेव्हा जो धूर होता त्यातून कुणी बाहेर येत नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं. त्याच्या आईसमोर बसलो होतो तेव्हाही माहीत होतं. तो गेला म्हणायचं तर माझी नजर हलली तेवढ्यात गेला, असं म्हणावं लागतं. ते मला म्हणवलं नाही. बारके, तो त्याच दिवशी गेला.’

सेक्रेटरी भिंतीला टेकून रडत होता.

बारकीबाई टेबलाकडे वळल्या. फोटो हलू नये म्हणून मी तो धरला. त्यांनी हार घातला, दोन्ही बाजूंनी सारखा केला, एक चुरगळलेलं फूल काढून टाकलं. मग फोटोच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. ‘दादूस,’ त्या म्हणाल्या, ‘लय वर्सं दारान उभा ठेवला रं तुला. ये आता, बस.’

मी रडले. लपवायचं काय त्यात?

साहेब शेजारी ताठ उभे होते. बारकीबाईंनी डोळे पुसले आणि त्यांचा कोट धरून त्यांना जरा खाली वाकवलं. आवाज अगदी बारीक केला, पण मी फोटो धरून तिथेच होते म्हणून मला ऐकू आलं.

‘साहेब, एक इचारू? त्याला दुखला नसंल ना? जल्ला नसंल ना तो?’

साहेबांचे ओठ हलले आणि थांबले. काय उत्तर येणार ते मला पाठ होतं, तिलाही पाठ होतं. तरी ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

‘नाही, बारके,’ साहेब म्हणाले. ‘काही दुखलं नाही त्याला. मी पाहिलं.’